कॅसेटीतलं रडणं

वसंता, तुला जाऊन महिना झाला नाही तोच तुझी कॅसेट कापायची गोष्ट निघाली आहे. कापायची का, आणि कापायची तर कुठे, हे मला विचारलं आहे. तुला विचारता येत नाही म्हणून मला.

काल शाम आला होता, हिंगणघाटहून मोटारसायकलवर. तुझ्याबरोबर ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवायचा तेव्हा काडीसारखा होता. आता पोट सुटलंय, चष्मा लागलाय. तुझ्या फोटोला हार घातला, तुझ्या बायकोजवळ, नंदाजवळ बसला, चहा घेतला आणि मग मुद्द्यावर आला. ‘कडू भाकर’ची त्याला सीडी काढायची आहे, तुझ्या आठवणीसाठी. पुण्या-मुंबईकडची पोरं अजून विचारतात म्हणे, ती कॅसेट कुठे मिळते. पण कॅसेट दीड तासाची आणि एका सीडीत तेवढं मावत नाही. मधला रडण्याचा भाग थोडा कमी केला तर बरोबर बसतं.

"नंदावैनीले इचारलं, तं थे म्हणते मोठ्या वैनीले इचारा," शाम म्हणाला. "आन् तुमी तं पह्यलेपासून म्हणूनच राह्यल्या, मधलं कापा म्हणून."

म्हणत होते. सगळ्या गल्लीला माहीत आहे.

"इतवारी सांगतो," मी त्याला म्हटलं.

जाता जाता त्याने आणखी एक काम लावून दिलं. सीडीबरोबर छोटंसं पुस्तक निघणार आहे, त्यात घरच्या माणसाने तुझ्याबद्दल लिहावं. नंदा पहिल्या ओळीलाच रडते, तिच्याने होणार नाही. म्हणून मी लिहिते. तू कुठे शिकलास, कोणाकोणाकडे वाजवलंस, ते शाम लिहील. मला जे बोलायचं ते तुझ्याशीच आहे.

मी या घरात आले तेव्हा तू इतकासा होतास, चड्डीचं बटण तुटलेला, दारात उभा राहून माझ्याकडे पाहणारा. तुझ्या भावात आणि तुझ्यात खूप अंतर. म्हणून मी तुला कधी भाऊजी म्हटलं नाही, आणि तूही मला कधी ‘तुमी’ म्हटलं नाहीस. सासू तेव्हा आपल्या आटाचक्कीवर बसायची, मी दाणे टाकायचे. पुढे ती थकली आणि मी बसू लागले.

गिटार तू कुठून आणलीस ते शेवटपर्यंत नीट सांगितलं नाहीस. ओसरीत वाजवलीस की भाऊ ओरडायचा, म्हणून तू चक्कीत यायचास. चक्की चालू असली की कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. पट्ट्याचा एक सूर असतो असं तू म्हणायचास आणि त्याच्याशी तारा जुळवायचास. मला तो सूर कधी सापडला नाही. मला एवढंच कळायचं की दाणा सरत आला की चक्कीचा आवाज बदलतो. दाणा सरल्यावरही ती तशीच चालू ठेवली तर दगडावर दगड घासतो आणि पुढच्या माणसाच्या पिठात कचकच येते. सासूने मला शिकवलेली ती पहिली गोष्ट. त्यापायी शिव्या खाल्ल्या आहेत मी.

ऑर्केस्ट्रात तुझं नाव झालं. लग्नात, गणपतीत, शारदेच्या उत्सवात तू गिटार घेऊन फिरलास. सिनेमातली गाणी वाजवायचास तोवर सगळं ठीक होतं.

मग सासू गेली. दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तिचं सगळं मी केलं. करायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून केलं, त्यात माझा काही मोठेपणा नाही. ती माझ्याशी गोड कधी बोलली नाही, मीही तिच्याशी बोलले नाही. गेली त्या दिवशी मी तिला आंघोळ घातली, लुगडं नेसवलं आणि आंगणात येऊन बसले. रडले नाही. मला हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटत असताना रडायचं मला जमत नाही. बायांनी ते पाहून ठेवलं.

आपल्याकडे बाई नुसती रडत नाही, बोलून रडते. गेलेल्याचं एकेक काढते, आवाज चढत जातो, मग दम सरतो. कोणी पाणी देतं. बाया हळूहळू एसटीचं, कापसाच्या वेचणीचं, कोणाच्या पोरीच्या सोयरिकीचं बोलू लागतात. तेवढ्यात फाटकातून नवी पाहुणी येते, तिच्या गळ्यात पडायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. त्या दिवशी तू पुरुषांत जाऊन बसला नाहीस. कोठीच्या दाराशी, भिंतीला टेकून, खाली मान घालून बसलास. मला वाटलं, आईसाठी पोराच्या तोंडातून आवाज निघत नाही. तू ऐकत होतास. दिवसभर तेच एक केलंस.

माणूस गेला त्या दिवशी घरात चूल पेटत नाही. शेजारून भाकरी येते, तिला कडू भाकर म्हणतात. कॅसेटीला तू तेच नाव दिलंस.

कॅसेट भरायला तू, शाम आणि तो बेस वाजवणारा पोरगा नागपूरला गेला होतात. तिथे देवाची आणि लग्नाची गाणी भरायचे. तुमचं ऐकून तिथला माणूस मध्येच बाहेर जाऊन उभा राहिला म्हणे. तू घरी आलास तेव्हा डोळे आत गेलेले, पण चेहरा खूश.

"रॉक हाय हे वैनी."

"गानं कुठं हाय त्याच्यात?" मी विचारलं.

"हेच गानं."

"म्हणते कोन?"

"गिटार म्हणते."

"आन् दीड तास म्हणते?"

"मायचं हाय थे," तू म्हणालास. "तिचं दीड तासात बसवलं, हेच लय झालं."

संक्रांतीच्या आसपास एका दुपारी तू ओसरीत ऑर्केस्ट्राचे मोठे स्पीकर मांडलेस. तुझा भाऊ शेतात होता. पहिला भाग वाजला, तो धडधड आणि ठणठण. गल्लीतली पोट्टी येऊन पाहून गेली. मग मधला भाग सुरू झाला. मी चक्कीत होते. समोरची कमळाबाई डोक्यावरून पदर घेऊन फाटकातून आली ती थेट आत, आणि तिने माझ्या गळ्याला मिठी मारली.

"अवो माह्या बाई, कसं झालं वो! काल तं धडधाकट पाह्यलं वो!"

"कोनाले?" मी म्हटलं.

ती थांबली नाही. तिलाही ठाऊक नव्हतं कोणाला. रडणं ऐकू आलं म्हणजे कोणीतरी गेलं. कोण गेलं ते रडता रडता समजतंच. तिच्यामागून आणखी दोघी-तिघी आल्या आणि त्यांनीही सूर धरला. वरून तुझी गिटार. चक्की बंद करून मी काही सांगणार तेवढ्यात तुझा भाऊ फाटकातून आत आला, खांद्यावर कुदळ. त्याला पाहून एकीने किंकाळी फोडली. तिने मनात त्यालाच मारला होता.

"हा तं जिता हाय वो," ती म्हणाली. जरा नाराज वाटली मला.

कमळाबाईची सून टोपलीत पिठलं-भाकर घेऊन मागून पोचली. घरी जेवणाला भाकरी केलेल्या होत्या त्याच उचलून आणल्या.

"ह्या भाकरीचं काय करू आता?" कमळाबाईने डोळे पुसत विचारलं.

"वापस ने."

"कडू भाकर घरातून निघाली का वापस नेत नाई नं वो."

"मंग ठेव, आमी खातो."

"मेलं कोनी नाई तं खासान कशी?"

तिचं म्हणणं चूक नव्हतं. शेवटी भाकरी गाईला घातल्या. तुझा भाऊ लाल झाला होता. "जित्या मानसाच्या घरी रडाले लोकं बलावून राह्यला काय बे? बंद कर थे." तू ओसरीत खांबाला धरून हसत होतास, डोळ्यांत पाणी येईस्तोवर.

"वैनी, याच्याहून मोठं सर्टिफिकेट मले कोन देईन?"

"आग लागली तरी बाया धावतेत," मी म्हटलं. "त्याच्यात आगीचं कवतुक नसते."

तेव्हापासून गल्ली शहाणी झाली. तू कॅसेट लावलीस की कमळाबाई तिच्या आंगणातूनच म्हणायची, "वसंताची माय आज पुन्हा मेली वाटते," आणि हातातलं काम करत राहायची.

नागपूरच्या पेपरात इतवारच्या पुरवणीत संगीतावर लिहिणारा एक माणूस होता. त्याच्याकडे तू कॅसेट पाठवलीस. त्याने लिहिलं की दोन गाण्यांचा माल ताणून दीड तास केला आहे. पंगतीत पानावर बसवून वाढायला कोणी येत नाही, तसं ऐकणाऱ्याचं होतं. मधला भाग तर निर्दयपणे कापायला हवा होता. तू चक्कीत येऊन ते मला मोठ्याने वाचून दाखवलंस. मी कमळाबाईची ज्वारी दळत होते.

"त्याचं बरोबर हाय," मी म्हटलं.

"तू बी?"

"दाना सरला वसंता. सरल्यावर बी तू चक्की चालूच ठेवली."

त्या दिवशी तू जेवायला आला नाहीस. दुसऱ्या सकाळी आलास ते भांडायलाच. "तू पूरी आयकली तरी काय?" नव्हती ऐकली. लाइन गेली होती. मग तेच विचारायला तू नागपूरला त्या पेपरवाल्याकडे गेलास. माणूस सरळ निघाला. त्याने चहा पाजला आणि कबूल केलं की दुसऱ्या बाजूला त्याच्या डेकमध्ये टेप गुंतली म्हणून त्याने ती काढून ठेवली. एसटीतून उतरलास तो हसतच.

"वैनी, अर्धीच आयकली त्यानं."

"मंग अर्धीचं त्याचं बरोबर हाय."

मुंबईच्या इंग्रजी मासिकाने मात्र दोन पानं दिली. फोटोत तुझ्यापेक्षा शामच जास्त दिसत होता. शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी आपल्या ओसरीत बसून एकेक ओळ मराठी करून सांगितली. या देशात असं कोणी केलं नाही, एवढं लांब आणि एवढं कडक करायला छाती लागते, असं बरंच काही. तू ताठ बसून ऐकत होतास. मग मधल्या भागाचं आलं. मासिकवाल्याचं म्हणणं, ही गिटार म्हणजे विदर्भाची भेगाळलेली जमीन आहे, हा दुष्काळाचा टाहो आहे.

"माय हाय थे," तू म्हणालास. सर थांबले. "माह्यी माय हाय थे. दुष्काळ कुठून आला त्याच्यात?"

मला हसू आवरेना. "घे," मी म्हटलं, "आता पंचायत समितीले उभा राह्य."

वाईट लिहिलं तेव्हा तू एक दिवस जेवला नाहीस. चांगलं लिहिलं त्यापायी आठवडाभर चिडचिड केलीस. हे मी तुझ्या नावे जमेला धरते.

ते वाचून पुण्याची दोन केसाळ पोरं गावात आली होती, आठवतं? त्यांना ती जमीन पाहायची होती. त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता. तू त्यांना बांधावर नेलंस आणि ती दोघं कमरेइतक्या हिरव्या तुरीकडे पाहत उभी राहिली. कमळाबाईने त्यांना जेवू घातलं. जेवताना एकाने मला विचारलं, मावशी, तुम्हाला कशी वाटली कॅसेट? लांब आहे, मी म्हटलं. त्यांना वाटलं मी गंमत करते.

मासिकात नाव आलं आणि ऑर्केस्ट्राचं काम गेलं. रडवणारा गिटारवाला लग्नात नको, असं लोक तोंडावर म्हणू लागले. शामने सांगून पाहिलं की कॅसेट अर्धी करू, चार सिनेमाची गाणी टाकू. तू ऐकलं नाहीस, तो दुसऱ्या ऑर्केस्ट्रा पार्टीत गेला. याच काळात तुझा भाऊ वारला आणि तू चक्कीवर माझ्याशेजारी येऊन बसलास. पुढची सगळी वर्षं पिठाने पांढरा होऊन राहिलास. कधी कुरकुर केली नाहीस. मी कधी तसं म्हटलं नाही, पण तू नसतास तर मला चक्की बंद करावी लागली असती.

राहिलं माझं ऐकणं. तुझी अट अशी, की कॅसेट एका बैठकीत ऐकायची. मध्ये लाइन गेली की तू ती पुन्हा सुरुवातीला न्यायचास. आणि त्या वर्षांत लाइन केव्हा जाईल याचा नेम नव्हता. सुरुवात मी इतक्यांदा ऐकली की भाजी निवडताना तोंडात यायची. शेवट मात्र कधी आलाच नाही. मग एकदा कोणी मंत्री हिंगणघाटला यायचा होता, दिवसभर लाइन गेली नाही. तू चक्कीला कुलूप घातलंस, मला ओसरीत बसवलंस. मी पुढ्यात तुरीची डाळ निवडायला घेतली. तू समोर बसून माझ्या तोंडाकडे पाहत राहिलास, परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा.

कॅसेट संपली. डाळही संपली होती.

"सुरुवात चांगली," मी म्हटलं. "शेवट बी चांगला. मधलं काप."

"कुठं कापू? जागा सांग."

"मानूस इतका येळ रडत नाई वसंता. बाया दम घेतेत, पानी पेतेत. कोनी नवीन आलं तं पुन्हा सुरू करतेत. तुया गिटारीत कोनी येतच नाई. तरी थे पुन्हा पुन्हा सुरू होते. काऊन?"

"कोनी येत नाई, म्हणूनच तं."

"हे मले समजत नाई."

तू डेक बंद केलास. मग म्हणालास, "माय मेली त्या दिशी तू रडली नाई. तुयं थे रडनं कुठं गेलं वैनी? कोनापाशी गेलं?"

"माह्या वाट्याचं रडाले तुले कोनं सांगतलं?"

तू कॅसेट काढलीस, डबीत ठेवलीस आणि चक्की उघडायला गेलास. आपलं भांडण तिथे थांबलं. मिटलं नाही. पुढे तू ते गमतीवर नेलंस. दळण टाकता टाकता मध्येच विचारायचास, "जागा भेटली का वैनी?" मी म्हणायचे, "पाहून राह्यलो." गिऱ्हाइकांना वाटायचं, आपण घरासाठी प्लॉट पाहतो आहोत.

तू गेलास ती सकाळ साधी होती. तोंड धुऊन तू आंगणातल्या खाटेवर बसलास, नंदाला म्हणालास चहा आण. ती चहा घेऊन आली तोवर तू आडवा झाला होतास. तिने हलवलं. मी नाकापाशी हात धरला. काही नव्हतं. अशा वेळी काय करायचं ते मला माहीत आहे. हातपाय सरळ केले, डोळे मिटले, हनुवटी धरून तुझं डोकं मांडीवर घेतलं. नंदाने टाहो फोडला.

मी फाटकाकडे पाहत बसले. आता बाया येतील, नंदाला धरतील, पाणी देतील. कोणी आलं नाही.

समोर कमळाबाई आंगण झाडत होती. खराट्याचा आवाज येत होता. ती तिथूनच म्हणाली, "आज सकायीच काऊन मेली वो वसंताची माय?" आणि झाडत राहिली. माझ्या मांडीवर तुझं डोकं होतं, मला उठता येत नव्हतं. मी हाक मारली. ती नंदाच्या आवाजात बुडाली.

नंदा एकटी रडत होती. आधी नुसता आवाज, मग बोल. तुझा चहा, तुझी चप्पल, पिठाने भरलेला तुझा सदरा. आवाज चढला, दम सरला, आवाज खाली आला, ती पुटपुटत राहिली. पाणी द्यायला कोणी नव्हतं. एसटीचं आणि वेचणीचं बोलायला कोणी नव्हतं. नवी पाहुणी फाटकातून आली नाही. तरी तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मग पुन्हा.

मी ऐकत होते, वसंता. लोकांना हे आवडणार नाही, पण जे होतं ते असं होतं. तुरीची डाळ निवडताना ऐकलं होतं तसंच ऐकत होते. तुझी कॅसेट मला माझ्या समजुतीपेक्षा जास्त पाठ झाली आहे. पुढे काय येणार ते मला आधी कळत होतं. इथे खाली येईल, इथे थांबेल असं वाटेल, इथून पुन्हा वर जाईल. आणि मी ती जागा पाहत होते, जिथे म्हणता येईल की बस, इथवर पुरे, यापुढचं जास्तीचं आहे. दाणा सरला की कान आपोआप सांगतो. माझ्या कानाने काही सांगितलं नाही.

कमळाबाई आली ती ज्वारीचा डबा घेऊन, दळायला. फाटकातूनच बोलत आली, "बंद कर गा वसंता थे आता, ऊन झालं." मग तिने पाहिलं. डबा तिने हळूच खाली ठेवला. कोणी मेलं नव्हतं तेव्हा हीच बाई माझ्या गळ्यात पडून गल्ली हलवून गेली होती. त्या सकाळी तिच्या तोंडातून आवाज निघाला नाही.

"मले वाटलं कॅसेट हाय वो," ती म्हणाली.

मग ती गेली आणि घरोघरी जाऊन सांगून आली. जो येई तो तेच म्हणे. आम्हाला वाटलं कॅसेट आहे. नागपूरवाल्याने लिहिलं, मुंबईवाल्याने लिहिलं, दोघांनाही जे सांगता आलं नाही ते गल्लीने एका वाक्यात सांगितलं. तुला ऐकायला मिळालं नाही, त्याला इलाज नाही.

संध्याकाळी कमळाबाईने टोपली आणून माझ्यापुढे ठेवली. "खाऊन घे वो." मी खाल्लं, नंदालाही दोन घास खायला लावले. मीठ कमी होतं. मी तेव्हाही रडले नाही. आताही रडत नाही. माझ्या वाट्याचं तू करून ठेवलंस असं तुझं म्हणणं होतं, तर तसं असू दे.

हे लिहायला घेतलं तेव्हा शामला काय सांगायचं ते ठरलं नव्हतं. आज इतवार. तो येऊन गेला.

"काय ठरलं वैनी?"

"कापू नको."

"पन एका सीडीत मावत नाई नं."

"मंग दोन कर."

तो डोकं खाजवत बसला. मग हसला. "म्हणजे आवडली म्हणा तुमाले शेवटी."

"आवडली कोन म्हणते? लांबच हाय थे."

"मंग?"

"कापाले जागा नाई."

शाम म्हणाला, हेच सीडीच्या मागच्या बाजूला छापतो, नागपूरवाल्याच्या आणि मुंबईवाल्याच्या ओळींच्या खाली. छाप म्हटलं. तेव्हा तू विचारायचास त्याचं माझं उत्तर आता छापील झालं आहे, बदलता येणार नाही. लांब आहे. कापायला जागा नाही.